त्या दिवशी घरात काय शिजलं?

सरकारी वकील म्हणजे सरकारचा माणूस, आणि सरकार म्हणजे आमची भातखाचरं बुडवणारं सरकार. माझा हिशेब इतका सरळ होता. तेव्हा मी धरणग्रस्तांच्या संघटनेत पूर्ण वेळ काम करायची. काम म्हणजे पत्रकं लिहायची, भोरच्या जुन्या छापखान्यात उभं राहून छापून घ्यायची आणि मिळेल त्या एसटीनं वाड्यावाड्यांत जाऊन वाटायची. छापखान्याचे मालक वैतागायचे. "ताई, उद्गारचिन्हांचे खिळे संपले. मागच्या पानाला साधे पूर्णविराम चालवून घ्या."

"चालवून घ्यायचं नाही म्हणूनच पत्रक काढतोय," असं मी त्यांना सुनवायची.

भोरमध्ये अब्बांचं स्टो आणि पेट्रोमॅक्स दुरुस्तीचं दुकान होतं. मुसलमानाची पोरगी डोंगरातल्या वाड्यांत काय करते, असं भोरात काही जण विचारायचे. वाड्यांत कधीच कुणी विचारलं नाही. तिथं मी भाकरी खाल्ली, झोपले, भांडले. गुंजवणी नदीच्या खोऱ्यात, वरच्या अंगाला एक वाडी होती. तिथल्या एका मावशींच्या घरी तर माझं अंथरूणच ठेवलेलं असायचं. त्यांचा मुलगा आमचा कार्यकर्ता होता. मोर्च्यात पुढे, घोषणेत पुढे आणि भांडणात सगळ्यांच्या पुढे.

त्याच मुलाला खुनाच्या आरोपाखाली धरून नेलं. खून झाला होता टीव्हीवाल्याचा.

टीव्हीवाला म्हणजे भोरच्या केबलवर रोज संध्याकाळी स्थानिक बातम्या देणारा माणूस. स्वतःच शूटिंग करायचा, स्वतःच लिहायचा, स्वतःच वाचायचा. मोटारसायकलवर मागे रेक्झिनच्या पिशवीत कॅमेरा बांधून सगळा मुलूख हिंडायचा. आमचे मोर्चे त्यानं दाखवले. पण मग त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. धरणग्रस्तांना मिळालेल्या जमिनी फार्महाऊससाठी पुण्याच्या लोकांना परस्पर विकल्या जातात, आणि विकणाऱ्यांत आमच्या संघटनेचेही दोघं आहेत. बातमी खरी होती. आम्ही चिडलो, आणि खरी होती म्हणून जास्तच चिडलो.

भोरच्या बाजारात मावशींच्या मुलानं त्याला गाठलं आणि भर गर्दीत ओरडला, "पुन्हा आमची बदनामी केलीस तर कॅमेऱ्यासकट धरणात बुडवीन!" टीव्हीवाल्याचा कॅमेरा चालूच होता. संध्याकाळी त्यानं ते सगळं एक शब्द न गाळता केबलवर दाखवलं. शेवटी स्वतः हसत म्हणाला, "प्रेक्षकहो, आमचा कॅमेरा अजून कोरडा आहे." अख्खं भोर हसलं. मला हसू आलं नव्हतं. आज आठवलं की येतं, आणि लगेच जातं.

कारण काही आठवड्यांनी एका सकाळी तो पानशेतच्या बाजूला धरणाच्या पाण्यात मेलेला सापडला. डोक्यात घाव होता, आणि कॅमेऱ्याची पिशवी गळ्यात अडकवलेली होती.

पोलिसांना शोधायला काही उरलंच नव्हतं. धमकी कॅसेटवर होती आणि प्रेत धमकीबरहुकूम होतं. मुलाला उचललं, आरोपपत्र झालं आणि त्याची रवानगी पुण्याच्या जेलात झाली. आम्ही विचारलं, खून झाला त्या रात्री तो होता कुठे? वाडी एका सुरात म्हणाली, घरी. मुलगाही म्हणाला, घरी. मावशी खाली बघत म्हणाल्या, "घरीच." मी पत्रक छापलं, "तो घरी होता!" पण पहाटे वाडीत दूध गोळा करायला येणाऱ्या टेम्पोवाल्याचा जबाब होता, की त्या पहाटे आपण कॅन चढवायला त्याला हाक मारली तेव्हा आईनं आतूनच सांगितलं, तो घरी न्हाई. झालं. घरी होता हे खोटं ठरलं, की बाकीचं आपोआप खरं ठरतं. पोलिसांचा कारभार असाच चालतो.

एकदा मी मावशींना एकटीला गाठून विचारलं. म्हणाल्या, "हाय एक गोष्ट. पर तुला सांगण्यासारखी न्हाई, पोरी." मला वाटलं, कुठल्या तरी बाईचं प्रकरण असेल. मग मी खोदलं नाही. बायकांच्या अब्रूवर पत्रकं काढायची नाहीत, हा आमचा नियम होता.

अशात एके सकाळी सरकारी वकील अब्बांच्या दुकानात येऊन बसले. खटला त्यांच्याकडे आला होता. सडपातळ, पिकलेले केस, घाट लागला म्हणून तोंडात आवळासुपारी. बरोबर एक हवालदार. अब्बांनी घाबरून हातातला बर्नर खाली ठेवला आणि मला घरातून बोलावून घेतलं.

वकिलांच्या हातात माझं पत्रक होतं. "हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. आणि माघार घेणार नाही."

"माघार कोण मागतंय? उद्गारचिन्हं भरपूर आहेत. साक्षीदार एकही नाही."

"साक्षीदार शोधायचं काम तुमचं. आमचं काम बोलायचं."

"बरोबर," ते म्हणाले. "म्हणूनच आलोय. मला ती वाडी दाखवा."

मी म्हटलं, तुम्ही त्याला फासावर चढवायला निघालेले, आणि मी तुम्हाला वाट दाखवू? अब्बा हळूच म्हणाले, "बेटा, जरा सबुरीनं." वकील चिडले नाहीत. आवळासुपारी गालात सरकवून म्हणाले, "त्यानंच केलं असेल तर मी त्याला सोडणार नाही, मग तुम्ही कितीही मोर्चे आणा. पण धमकी अख्ख्या भोरानं टीव्हीवर ऐकली होती. ज्याला कुणाला तो पत्रकार नको होता, त्याला मारायची पद्धत घरबसल्या मिळाली आणि संशयितही मिळाला. मी चुकीचा माणूस कोर्टात उभा केला, तर खरा माझ्याच हातानं सुटतो. ते मला नकोय."

सरकारी माणसाच्या तोंडून असलं काही ऐकायची मला सवय नव्हती. विश्वास बसला नाही. पण हा एकटा गेला तर लोकांना दमदाटी करील, त्यापेक्षा आपण डोळ्यांत तेल घालून बरोबर असावं, अशा विचारानं मी त्यांच्या जीपमध्ये बसले.

नसरापूर, मार्गासनी, साखर करत आम्ही वर गेलो. वाटेत ते फक्त एकदा बोलले. "लोकांना तारीख आठवत नाही. जेवण आठवतं. आणि खोटं बोलणारे लोक कुठे होतो ते आपसांत ठरवून येतात. काय खाल्लं ते ठरवायचं राहून जातं."

मी मनात म्हटलं, माणूस जन्मातून उठायची वेळ आलीय आणि ह्यांना जेवण सुचतंय.

वाडीतले पुरुष देवळाच्या पारावर जमले होते. पुढे बसले होते वाडीचे म्हातारे म्होरके. सगळे त्यांना आबा म्हणायचे. वकिलांनी धमकीबद्दल विचारलं नाही, भांडणाबद्दल विचारलं नाही. पहिलाच सवाल टाकला, "पत्रकार मेल्याची बातमी आली, त्या दिवशी घरात काय शिजलं होतं?"

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. आबा म्हणाले, "भात."

"आणि?"

"आमटी."

"तुमच्याकडे?" शेजारच्याला विचारलं.

"आमटी-भात."

"आणि तुमच्याकडे भात-आमटी असणार," तिसऱ्याला म्हणाले. तो मान हलवून मोकळा झाला.

"कशाची आमटी?"

आबा म्हणाले "तुरीची", आणि त्याच दमात शेजारचा म्हणाला "हुलग्याची".

"ज्याची त्याची आसती, सायेब," आबांनी सावरलं. "गरिबाच्यात दुसरं काय आसनार?"

वकिलांनी काही लिहून घेतलं नाही. उठले आणि म्हणाले, "आता आईंना भेटतो."

मावशींच्या घरात आठ-दहा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी वकिलांच्या शेजारी उभी, हाताची घडी घालून. त्यांनी तोच प्रश्न केला. आणि एक विचित्र गोष्ट झाली. बायकांनी वकिलांकडे पाहिलंच नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एकमेकींकडे पाहिलं. एकीनं पदर तोंडात कोंबला. वकिलांनी पुन्हा विचारलं, पुन्हा सगळ्या नजरा माझ्यावर.

"ताई, तुम्ही जरा बाहेर थांबा," ते मला म्हणाले.

"का म्हणून? बायकांना एकटं गाठून दबाव आणायचाय?"

"थांबा बाहेर."

मी मावशींकडे पाहिलं. वाटलं, त्या म्हणतील पोरगी इथंच राहील. मावशी म्हणाल्या, "जा, बाय. वाईच अंगनात बस."

अंगणात मी कशी बसले, माझं मला ठाऊक. बसले कसली, फेऱ्या मारत होते. दाराशी हवालदार उभा. त्याला मी सुनावलं, "आतमध्ये काही झालं तर उद्या तुमच्या चौकीवर मोर्चा!"

"सायब कुनावर आवाज चढवत न्हाईत, ताई," तो कंटाळून म्हणाला. "आमच्यावर पन न्हाई. त्येचाच तर तरास हाय."

आतून वकिलांचा आवाज आला. एकसुरी, सावकाश. "आई, तुम्हाला सगळ्यांनी सांगितलं असेल, सुटेल. मी सांगतो. हा खटला आत्ता आहे तसा चालला, तर तुमचा मुलगा सुटणार नाही. जन्मठेप होईल. कदाचित फाशी."

 त्या घरात तोवर कुणीच असं बोललं नव्हतं. आम्ही सगळे सुटंल, सुटंल म्हणत होतो. मीच सगळ्यात मोठ्यानं.

मग मावशींच्या बोलण्याचा आवाज. बराच वेळ. आणि मग, मी खोटं सांगत नाही, आतून बायकांचं हसू ऐकू आलं. हसू आणि रडू, दोन्ही. मी दारावर हात मारणार तेवढ्यात वकील बाहेर आले. कपाळावरचा घाम पुसत म्हणाले, "या. त्यांना तुम्हाला सांगायचंय. रागवायचं नाही, अशी अट आहे."

मी आत गेले. मावशींनी माझा हात धरून मला खाली बसवलं.

"डुक्कर व्हतं, पोरी."

"काय होतं?"

"डुक्कर. रानातलं. पारधीचं. समद्या घरात त्येच शिजलं व्हतं. आता तुज्यापुढं त्येचं नाव कसं काढायचं? तुमच्यात चालत न्हाई. तू आमच्यात जेवतीस, निजतीस. तुला शिसारी यील, पुन्यांदा पानी घेनार न्हाईस. तवा आमी बायकांनी ठरिवलं, हिच्यासमोर हा इषय न्हाई."

दुसरी घाईघाईनं म्हणाली, "भांडी येगळी हायेत हां, ताई! परसात चूल मांडलीती. तुज्या भाकरीचा तवा त्येला लागला न्हाई. आईशपत."

 मी ओरडलेच, "अहो मावशी! पोरगा फासावर चाललाय, आणि तुम्ही माझा धर्म सांभाळत बसलात?"

"मग? येकाचा जीव वाचवायचा तर दुसऱ्याचा धरम बुडवायचा व्हय?" मावशी म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या.

हळूहळू सगळं बाहेर आलं. रानडुकरं भाताची नासाडी करतात, म्हणून वाडी दरवर्षी पारधीला जाते. पारध करणं गुन्हा आहे हे सगळ्यांना माहीत. म्हणून निघण्याआधी पुरुष देवळात जमतात, तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा घेतात आणि शपथ वाहतात, की कोण गेलं, कुठं गेलं, कुणालाही सांगायचं नाही. बेलभंडार उचलला की माणूस मरेल पण बोलणार नाही. त्या संध्याकाळी सगळे डोंगराच्या धारेवर होते. पहिला घाव मावशींच्या मुलाचा बसला. जनावर जखमी होऊन पलीकडच्या रानात घुसलं, आणि जखमी डुक्कर मागे ठेवून परत यायचं नाही हाही नियमच. रात्रभर सगळे त्याच्या मागावर. उजाडल्यावर घेऊन आले आणि वाटे घालायला बसले. ज्याचा पहिला घाव त्याच्या घरी मुंडकं जातं. कुत्र्यालासुद्धा त्याचा वाटा असतो. वाटे पडत असतानाच टीव्हीवाला मेल्याची बातमी वाडीत आली.

म्हणजे ज्या रात्री पानशेतजवळ खून झाला, त्या रात्री आमचा माणूस अख्ख्या वाडीच्या डोळ्यांसमोर होता. आणि अख्खी वाडी शपथ वाहून गप्प बसली होती. तोही गप्प. जेलातून त्यानं आईला निरोप धाडला होता, तू बोललीस तर समदी वाडी आत जाईल, मी सुटतो बघ.

मी संघटनेत सोसायटीचे घोटाळे उकरले होते, तलाठ्याची लबाडी उकरली होती. पण आपल्याच माणसांचा हा अडाणी मोठेपणा कुठल्या पत्रकात बसवायचा, ते मला कुणी शिकवलं नव्हतं. राग आला होता, आणि रागाच्या खाली खूप मोकळंही वाटत होतं. तो निर्दोष आहे असं मी वर्षभर ओरडत होते. तो निर्दोष आहे हे मला कळलं त्या दुपारी.

पण अजून मोठं काम बाकी होतं. आईची साक्ष कोर्ट किती मानणार? वकील पुन्हा पारावर गेले आणि पुरुषांना म्हणाले, "मला कळलंय. आता नीट ऐका. तुम्ही जबाब दिलात तर मुलगा सुटू शकतो. पण पारधीचा गुन्हा तुमच्यावर लागेल. वनखात्याला मी सांगणार नाही की सोडा. ते माझ्या हातात नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. खोटा भरवसा देऊन जबाब घेत नाही मी."

मला वाटलं, ह्या माणसाला बोलायची काही रीत? असं सांगितल्यावर कोण येईल पुढे?

कुणीच आलं नाही. आबा जमिनीकडे बघत म्हणाले, "बेलभंडार उचललाय, सायेब."

तेवढ्यात मावशी तरातरा पारावर चढल्या. त्या पारावर बाईमाणूस चढलेलं मी पाहिलं नव्हतं. मागोमाग आबांची म्हातारी, तिच्यामागं बाकीच्या.

"वाटा घ्यायला हात लांब करत व्हता, आन् आता हात बांदून बसलाय व्हय?" मावशींचा आवाज चिरका झाला होता. "माज्या पोराचा घाव लागला म्हनून तुमाला खायला मिळालं!"

"तुमी बायका बोललाच कशाला?" कुणीतरी पुटपुटलं.

"आमी कुठं उचलला बेलभंडार?" आबांची म्हातारी कडाडली. "आमाला कुनी इचारलं? देवळाच्या भाईर उभं करता, आन् वर म्हनता बोलू नगा! रांदायचं आमी, भांडी घासायची आमी, जंगलाचा गार्ड आला की हाडं लपवायची आमी. शपत तेवढी तुमची!"

खालून एक जण हसला. मग आणखी दोघं. आबांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. ते उठले, देवळात गेले. मी पायरीशी उभी होते, सगळं ऐकू येत होतं. देवाशी ते भावकीतल्या माणसाशी बोलावं तसं बोलले.

"तुजं तुला परत, बाबा. पोराच्या जिवापरास मोठं कायबी नसतं. चूक आसंल तर मला धर. ह्या बाकीच्यास्नी सोड."

बाहेर येऊन वकिलांना म्हणाले, "देव ऐकंल वो, सायेब. गार्ड न्हाई ऐकायचा."

"नाहीच ऐकणार," वकील म्हणाले.

त्यांनी कोर्टात अर्ज केला की ह्या प्रकरणात पुढचा तपास व्हायला हवा. सरकारी वकिलानंच सरकारी आरोपपत्रावर बोट ठेवलं. पोलिसांचे अधिकारी त्यांच्यावर किती भडकले, ते हवालदारानं मला चवीनं सांगितलं. वाडीतले सगळे पुरुष टेम्पोत बसून जबाब द्यायला गेले. आबांनी मावशींच्या गोठ्यात टांगलेला डुकराचा जबडा स्वतःच्या हातानं काढून दिला. त्या संध्याकाळी धारेवर माणसं आणि कुत्री दिसली होती, हे गार्डनंही कबूल केलं. सगळ्यांवर वनखात्याची केस झाली. तारखा पडत राहिल्या आणि म्हातारी माणसं एसटीनं हेलपाटे घालत राहिली. ह्या कायद्यावर मला बरंच बोलायचंय. डुकरानं शेत खाल्लं तर भरपाईला फिरवतात, शेतकऱ्यानं डुक्कर मारलं तर तुरुंग दाखवतात. पण ते दुसऱ्या पत्रकात.

मधल्या काळात एकदा वकील मला टीव्हीवाल्याच्या घरी घेऊन गेले. मी जायला तयार नव्हते. आम्ही त्या घराचे वैरी. त्याच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं. मला ओळखलं.

"तुमचा माणूस सुटणार म्हणे."

"त्यानं केलं नव्हतं, वहिनी."

"मला कुणीही धरलेला चालणार नव्हता," ती म्हणाली. "ज्यानं मारलं तोच हवा होता. प्लॉटवाल्यांचे फोन यायचे घरी. पहिल्या दिवशीच सांगितलं मी. पण पोलिसांना कॅसेट मिळाली होती ना. मग माझं कोण ऐकतंय?"

वकिलांनी दारातच उभं राहून तिला फोनबद्दल सगळं विचारलं. ती बोलत गेली, आणि बोलता बोलता दार पूर्ण उघडलं. तपास तिथून फिरला. जमिनीचे प्लॉट पाडून विकणाऱ्या एका दलालाची दोन माणसं पकडली गेली. त्यांच्याकडे टीव्हीवाल्याची शेवटची कॅसेट सापडली. पुढे ह्याच वकिलांनी त्यांच्यावर खटला चालवला आणि शिक्षा झाली. निकालाच्या दिवशी त्याची बायको कोर्टात आली होती. मला बघून तिनं मान हलवली. आमच्या दोघींत तेवढंच बोलणं झालं, आणि ते पुरेसं होतं.

पण मला सांगायचा आहे तो त्याआधीचा दिवस, मावशींच्या मुलाला सोडायचा हुकूम झाला तो. पुण्याच्या कोर्टात आम्ही सकाळपासून व्हरांड्यात बसलो होतो. मी, मावशी, आबा आणि वाडीतले निम्मे. मुलाला पोलिसांनी आणलं तेव्हा मावशींनी त्याच्याकडे बघितलं आणि पुटपुटल्या, "जाड झालाय." तो जाड अजिबात झाला नव्हता. चेहरा सुजला होता. 

आत न्यायाधीशांनी इंग्रजीत काहीतरी वाचलं. सरकारी वकील उभे राहून म्हणाले, आमची हरकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी सरकारी माणसाच्या तोंडून ते शब्द ऐकले. मोर्च्यासाठी लिहून आणलेलं भाषण माझ्या पर्समध्ये होतं. ते कुणाला ऐकवायचं, हेच कळेना. मग बाहेर आलो. मावशींना काहीच कळलं नव्हतं. त्यांनी वकिलांची बाही धरली.

"सायेब, म्हंजे काय झालं?"

"सुटला."

"म्हंजे घरी यायचा?"

"हो."

"आत्ता?"

"आत्ता नाही, आई. कागद जेलात जायला हवा. तिथून सोडतील. उद्या."

माझ्या अंगात पुन्हा जुनं वारं शिरलं. "उद्या का? निर्दोष माणसाला आणखी एक रात्र का?" मी तोंड उघडलंच होतं. मावशींनी माझा हात दाबला.

"उद्या चालंल," त्या म्हणाल्या.

व्हरांड्यात खाली बसून त्यांनी गाठोडं सोडलं. चटणी-भाकरी होती. एक भाकर मोडून त्यांनी मला दिली, एक आबांना, एक कडेला उभ्या असलेल्या हवालदाराला. तो नको म्हणाला, तर त्याच्या हातात कोंबली. वकिलांनी पोटाची तक्रार सांगितली. "मग नुसता कोर खावा," म्हणून त्यांनाही दिला, आणि त्यांनी तो उभ्याउभ्या खाल्ला. मावशींनी स्वतः दोन भाकऱ्या खाल्ल्या. मग व्हरांड्याच्या भिंतीला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्या काळ्या कोटांच्या गर्दीत, पाय लांब करून घोरायला लागल्या.

आबा म्हणाले, "उठवू नगंस. पुन्यास्नं येष्टी कवाबी असती."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिले.